पुढचं मऊ, मागचं कडक

पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला नवं खूळ लागलं, की घरचे आधी त्याचं बीपी तपासून घेतात. माझं तपासलं, ते नॉर्मल निघालं, आणि मग कुणाला काही बोलायला जागाच उरली नाही. खूळ असं होतं, की मला माझी रोजची गाडी शर्यतीत उतरवायची होती.

शर्यत म्हणजे टीव्हीवर दिसते तसली नव्हे. नगरच्या बाहेर मुरमाचं एक मोकळं मैदान होतं. वर्षातून एखाद्या रविवारी हौशी मंडळी तिथे केशरी प्लॅस्टिकचे शंकू मांडायची आणि एकेका गाडीला त्यांच्यामधून नागमोडी पळवायची. घड्याळ लावलेलं असायचं. शंकू पाडला की दंडाचे सेकंद वाढायचे. ऑटोक्रॉस म्हणतात त्याला. आदल्या वर्षी मी कडेला उभा राहून, एका हातात भेळेचा कागद धरून ती बघितली होती. धुळीमुळे भेळेला वेगळीच चव आली होती. घरी परतताना मी आमच्या पांढऱ्या छोट्या गाडीचं स्टेअरिंग असं काही धरलं, की शेजारी बसलेली बायको म्हणाली, "सिग्नल आहे पुढं. विमान नाही हे."

ती गाडी एकट्या माझी नव्हतीच. सकाळी तिच्यातून माझ्या हार्डवेअरच्या दुकानात कब्जे, कोयंडे आणि रंगाचे डबे जायचे. दुपारी ती बायकोच्या ताब्यात असायची. आणि बुधवारी ती आप्पांची असायची, त्यात कुणी काही बोलायचं नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. सगळी नोकरी कालव्याच्या भरावावरून सायकल मारण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी कर्जत तालुक्यातल्या आमच्या जमिनीत लिंबाची बाग लावली आणि तिच्यापाशीच राहिले. पुढे आई गेली, त्यांच्या मणक्यातली गादी सरकली, आणि मी त्यांना नगरला घेऊन आलो. डॉक्टर म्हणाले होते, "हिंडा, फिरा, पण कमरेला धक्के बसू देऊ नका." आप्पांनी यातलं पहिलं अर्धं ऐकलं. माझ्या पुण्यातल्या थोरल्या भावानं दुसरं ऐकलं.

दादाचं म्हणणं असं, की बाग कुणाला तरी कसायला वाट्यानं देऊन टाकावी आणि आप्पांनी घरात आराम करावा. आप्पांचं म्हणणं असं, की आराम हा आजार आहे. फोनवर दोघांची बरीच वादावादी झाली आणि शेवटी एक करार ठरला. मी दर बुधवारी आप्पांना गाडीनं बागेत न्यायचं. पण ज्या दिवशी कर्जतला उतरताना आप्पा कळ येऊन वाकले, त्या दिवशी जाणं बंद आणि बाग वाट्यानं.

"मंजूर," आप्पा म्हणाले आणि फोन माझ्या हातात देत मला म्हणाले, "गाडी नीट ठेव रं बाबा. आता माझी कंबर न्हाई, तुझ्या गाडीची कंबर बघायची हाय."

आता माझी अडचण बघा. शर्यतीसाठी गाडी कडक लागते. मऊ स्प्रिंगची गाडी वळणावर अंग टाकते, लग्नात जेवून उठलेल्या पाहुण्यासारखी एका कुशीवर कलते, आणि शंकू गेला की सावरते. आणि आप्पांसाठी गाडी मऊ लागते. गाडी एकच. दुसरी घ्यावी, तर बीपी खरंच वाढलं असतं.

मी माझ्या शाळेतल्या दोस्ताकडे गेलो. त्याचं गॅरेज स्टेशन रोडच्या मागच्या बोळात होतं. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्यामुळे तो मला चारचौघांत शेठ म्हणायचा आणि एकटा असलो की जे म्हणायचा ते इथं लिहिता येत नाही. मी त्याला उस्ताद म्हणायचो. शर्यतीचं नाव काढल्याबरोबर त्यानं हातातला पाना खाली ठेवला, गाडीच्या बॉनेटवर दोन्ही तळवे टेकून एक जोर दिला आणि मागे सरकला. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली.

"ही पळनार?" तो म्हणाला. "ही तर सलाम करते, यार."

"म्हणून तर आलो."

"कडक करतो. विषय संपला."

"आप्पा बसतात तिच्यात."

तो थांबला. आप्पांना तो चाचा म्हणायचा, आणि लहानपणी आमच्या घरची आंबाडीची भाजी त्यानं माझ्यापेक्षा जास्त खाल्ली होती. त्यानं गाडीला एक फेरी मारली, दुसरी मारली, मग पुढच्या डाव्या दारावर टिचकी मारून विचारलं, "चाचा इथं बसतात ना?"

"कायम."

"मागं कोन बसतं?"

"बुधवारी? कुणी नाही."

"मग झालं की. पुढचं मऊ ठेवू, मागचं कडक करू." आणि त्यानं तिथंच, ग्रीसच्या बोटांनी हवेत आकृत्या काढत, मला सगळं समजावलं. या गाडीत इंजिन पुढं, ओढणारी चाकंही पुढची. पुढचं मऊ असलं की ती चाकं जमिनीला धरून राहतात. मागचं कडक असलं की वळताना शेपूट पटकन फिरते. दोन्ही जमलं की गाडी शंकूभोवती अशी वळते, की शंकूला कळतही नाही. मी भारावून गेलो. तोही स्वतःच्या बोलण्यानं भारावून गेला. आम्ही चहा मागवला आणि त्या घटकेपासून आम्ही दोघं नगर जिल्ह्यातले एकमेव सस्पेन्शन-तज्ज्ञ झालो.

सराव कुठं करायचा हा प्रश्न आप्पांच्याच बुधवारानं सोडवला. बागेपासून थोड्या अंतरावर एक पाझर तलाव आहे. त्या उन्हाळ्यात तो पार कोरडा होता आणि त्याचा तळ असा सपाट, कडक, भेगाळलेला, की सरकारी खर्चानं बांधूनही असं मैदान मिळालं नसतं. शंकूऐवजी मी दुकानातली प्लॅस्टिकची घमेली नेली आणि पालथी मांडली.

पहिल्या बुधवारी उस्तादही मागच्या सीटवर बसून बरोबर आला, आणि मी आप्पांना बांधावरच्या बाभळीखाली बसायला सांगितलं.

"का?"

"गाडी जरा फिरवून बघतो. तुम्हाला हिसके बसतील."

"बाभळीखाली बसून मी काय काटं मोजू?" असं म्हणून ते पुढच्या सीटवर बसले ते बसलेच. उस्ताद मागून म्हणाला, "चाचा, कंबर."

"आडवं हललं तर मला काय होत न्हाई. उभं हललं की जीव जातो. तू आडवं हलव."

वैद्यकशास्त्रात हे कुठं लिहिलंय मला माहीत नाही, पण आप्पांच्या कमरेपुरतं ते खरं होतं. तलावाचा तळ गुळगुळीत होता, उभा धक्का नव्हताच. आडवे हेलकावे मात्र असे, की पहिल्याच फेरीत आप्पांची टोपी माझ्या मांडीवर आली. त्यांनी ती उचलली, झटकली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "हां. पुन्यांदा घे."

त्या बुधवारांची आठवण आली, की मला अजून लिंबांचा वास येतो. बाया सकाळपासून तोडणी करायच्या. उन्हं कलली, की गोण्या सुतळीनं शिवून डिकीत जायच्या, दुसऱ्या दिवशीच्या नगरच्या लिलावासाठी. मग आम्ही तलावात उतरायचो. बाया घरी जाता जाता बांधावर थांबून आमचा तमाशा बघायच्या. घमेलं उडालं, की त्यांच्यातली एक म्हातारी ओरडायची, "गेलं, गेलं, हेबी गेलं," आणि बाकीच्या पदर तोंडाला लावायच्या. आप्पा काच खाली करून त्यांना सांगायचे, "थांबा वाईच, अजून शिकतंय त्ये." आप्पा आता नाहीत. तलावात अलीकडे चांगलं पाणी असतं. त्या रस्त्यानं जाताना मी गाडी थोडी हळू करतो, आणि पाण्याखाली माझं एखादं घमेलं राहिलं असेल का, असं मला उगाच वाटतं.

तर सराव. आमची तक्रार एकच होती. स्टेअरिंग पूर्ण वळवलं तरी गाडी आधी थोडी सरळच जायची आणि मग वळायची, हाक मारल्यावर उशिरानं मान वळवणाऱ्या माणसासारखी. घमेलं त्या उशिरात सापडायचं. उस्ताद गुडघ्यावर बसून चाकांच्या खुणा बघायचा आणि निदान करायचा, "मागचं अजून मऊ हाय." मग पुढच्या बुधवारपर्यंत मागच्या स्प्रिंगांच्या वेढ्यांत रबराचे बफर बसायचे. तरी सरळ जातेच. मग मागच्या टायरांत हवा वाढायची. तरी थोडी जातेच. मग अजून जाड बफर. होता होता गाडीची पाठ इतकी उचलली गेली, की बायकोनं एकदा दारात उभं राहून विचारलं, "ही पुढं वाकून काय शोधतेय?"

पुढच्या बाजूचं सेटिंग मात्र आप्पांच्या हातात होतं. हातात म्हणजे घशात. एखादा बदल मानवला, की ते "हं" म्हणायचे, नाही मानवला की "अंहं". एकदा आम्ही हळूच पुढच्याही स्प्रिंगा कडक बसवल्या. कर्जतच्या अलीकडे रस्त्यावर एक मोरी आहे, म्हणजे ओढ्यावरचा छोटा, उंचवट्याचा पूल. तिच्यावरून जाताना आप्पा सीटवरून वर गेले आणि खाली येता येता जे "अंहं" म्हणाले, ते मागच्या सीटवर बसलेल्या उस्तादलाही ऐकू गेलं. तो म्हणाला, "समजलं, चाचा." दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या स्प्रिंगा परत आल्या आणि त्यांच्या जोडीला नवे शॉकअप आले, मऊ, पण सलाम न करणारे. पुढच्या बुधवारी त्याच मोरीवर आप्पा खिडकीबाहेर बघत कुणाच्या तरी कांद्याच्या चाळीबद्दल बोलत होते. मोरी गेली, त्यांचं वाक्य तुटलं नाही. मागं दोन्ही हातांनी कडी धरून बसलेल्या उस्तादनं आरशातून मला डोळा मारला.

आणि मग एका बुधवारी सगळं जमलं. गाडी पहिल्या घमेल्याला वळसा घालून दुसऱ्याकडे अशी गेली, जणू तिला रस्ता पाठ होता. एकही घमेलं हललं नाही. आप्पा शेजारी बसून तळहातावर तंबाखू मळत होते, आणि एका हातानं कडी धरायलाही त्यांना सुचलं नाही, इतकं सगळं गोलाईत होतं. फेरी संपल्यावर बांधावरची म्हातारी नाराजीनं म्हणाली, "आज काय मजा न्हाई आली." उस्ताद मला मिठी मारून म्हणाला, "शेठ, ह्या सेटिंगला आता कुनी हात लावायचा न्हाई."

कुणी लावला नाही. इथंच आमचं चुकलं होतं, पण ते कळायला रविवार उजाडावा लागला.

शर्यतीच्या सकाळी आम्ही तिघं मैदानावर गेलो. आप्पांना मांडवात पहिल्या रांगेत प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली. दादाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला सांगायचं असं ठरलेलंही नव्हतं आणि न सांगायचं असंही ठरलेलं नव्हतं. विषय निघाला नाही, एवढंच.

गाडी तपासणीला गेली. तपासणारा तरुण नम्र होता. त्यानं माझं हेल्मेट पाहिलं, ब्रेक पाहिले, मग म्हणाला, "काका, डिकी उघडा. सुटं सामान काही ठेवायचं नाही, नियम आहे."

मी डिकी उघडली. आत निंबोळी पेंडीच्या गोण्या होत्या, बुधवारी झाडांना टाकायच्या. शिवाय ठिबकच्या नळीचं वेटोळं, दोन खुरपी, सुतळीचा गुंडा आणि मागच्या फेरीतली घरंगळलेली लिंबं. त्या तरुणानं एक लिंबू उचलून पाहिलं.

"काका, हे सगळं घेऊन तुम्ही सराव केलात?"

"ह्याच्यापेक्षा जास्त," उस्ताद अभिमानानं म्हणाला. "तेव्हा लिंबं असतात ना."

तुम्हाला आता कळलं असेल. आम्हाला तेव्हाही कळलं नव्हतं, हे लक्षात घ्या. त्याचं कारण आप्पांची एक शिस्त. गाडी रिकामी न्यायची नाही आणि रिकामी आणायची नाही. बैलगाडीच्या काळापासून आमच्याकडे हे चालत आलेलं. बागेत जाताना पेंड, येताना लिंबं. रिकाम्या डिकीनं गाडी पळवणं म्हणजे पाण्याचा नळ उघडा ठेवण्यासारखं. त्यामुळे सगळ्या उन्हाळ्यात एकदाही आम्ही रिकामी गाडी घमेल्यांमधून फिरवली नव्हती. फिरवावी असं सुचलंही नव्हतं. आमच्या डोक्यात गाडीचं खरं वजन म्हणजे भरलेलं वजन.

आम्ही गोण्या उतरवून मांडवाशेजारी रचल्या. आप्पांनी खुर्ची जरा सरकवून पाय त्यांच्यावर टेकले. आणि मी, हेल्मेट घालून, एकटा, रिकाम्या गाडीत, रेषेवर जाऊन उभा राहिलो.

झेंडा पडला. पहिला शंकू आला. मी सवयीनं थोडं आधीच आणि थोडं जास्त स्टेअरिंग वळवलं, कारण गाडी उशिरा वळते हे मला पाठ होतं. गाडी उशिरा वळली नाही. ती ताबडतोब वळली, आणि मग वळतच राहिली. दाव्यातून सुटलेल्या वासरासारखी तिची शेपूट बाहेर पडली, हवेत असल्यासारखी फिरली, आणि धूळ खाली बसली तेव्हा माझं तोंड रेषेकडे होतं आणि तीन शंकू गाडीखाली. लाउडस्पीकरवरचा माणूस म्हणाला, "काकांचं काहीतरी घरी विसरलंय वाटतं."

मांडव हसला. मी गाडी सरळ केली, पुढच्या शंकूला गेलो, पुन्हा गोल फिरलो. उरलेली फेरी मी वरातीच्या वेगानं पूर्ण केली. निकालात माझ्याखाली एकच जण होता, आणि त्याची गाडी चालूच झाली नव्हती.

मी मांडवाशी येऊन उतरलो. उस्ताद गोण्यांकडे बघत उभा होता. मीही गोण्यांकडे बघितलं. एक गोणी त्यानं पायानं हलकेच ढकलली.

"शेठ," तो म्हणाला, "डिकीत वजन हुतं म्हनून पुढचं हलकं हुतं. पुढचं हलकं म्हनून ती सरळ जात हुती. आपन उगं मागचं कडक करत बसलो."

"म्हणजे?"

"म्हंजे आपन लिंबांचं सेटिंग केलं."

मला हसू आलं, त्यालाही आलं, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत असताना मागून आवाज आला, "हसा. हसा."

दादा. पुण्याहून सकाळी न सांगता आला होता, घरी माझ्या बायकोनं "मैदानावर आहेत" एवढंच सांगितलं होतं, आणि तो बरोबर माझ्या पहिल्या गिरकीला येऊन पोचला होता. माझा थोरला भाऊ अंगानं भरलेला आहे. रागावला, की तो अजून थोडा भरतो.

"ह्या गाडीत तू आप्पांना बसवतोस?"

"दादा, त्याचं असं आहे..."

"मला काही सांगू नकोस. लट्टूसारखी फिरली ती. कमरेच्या पेशंटला ह्या गाडीत? आजपासून बंद. बाग वाट्यानं द्यायची, मी उद्याच बोलतो माणसाशी."

आप्पा खुर्चीतून बोलले. आवाज चढवला नाही. "ठरलं काय हुतं?"

"आप्पा, ठरलं ते वेगळं. हे असलं काही चालू आहे हे मला कुठं माहीत होतं?"

"ठरलं काय हुतं, त्ये सांग. उतरताना वाकलो तर बंद. वाकलो का मी?"

"मी बघितलंय कुठं?"

"मग बघ. आत्ता जाऊ. ह्याच गाडीत. तू मागं बस. तिथं उतरताना मी वाकलो, तर तुझ्या मानसाला मीच किल्ली देतो विहिरीच्या मोटरीची."

आप्पा सकाळपासून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. तसं बसून उठलं, की त्यांना चांगल्या दिवशीही अवघडायला व्हायचं. शिवाय रविवारी ते कधी प्रवास करत नसत, त्यांच्या कमरेचं सगळं गणित बुधवारचं. एका उतरण्यावर बाग लावणं मला पटत नव्हतं. पण आप्पा पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि दार लावलं. दादा मागचं दार उघडून आत शिरला. गाडीची उचललेली पाठ सावकाश खाली आली आणि रस्त्याला समांतर झाली.

उस्तादनं ते पाहिलं. तो माझ्या खिडकीशी वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "घाबरू नको. दादा लिंबांच्या जागी हायेत."

निघालो. उस्ताद गोण्यांपाशी थांबला, आणि आम्ही तिघं सोलापूर रोडला लागलो. मी आरशात बघितलं, दादा हाताची घडी घालून सावधपणे बसला होता, साक्षीदारासारखा. पहिला गतिरोधक आला. पुढची चाकं त्याच्यावरून अशी गेली, की आप्पांचा खांदाही हलला नाही. मग मागची चाकं आली. दादाच्या डोक्यानं छताला स्पर्श केला.

"हळू," दादा म्हणाला.

"हळूच आहे."

"आप्पा, बसला का धक्का?"

"कसला?" आप्पा म्हणाले.

मिरजगावच्या पुढं रस्ता त्या काळात फार वाईट होता. खड्डा चुकवावा तर दुसऱ्या खड्ड्यात जाऊनच चुकवावा लागायचा. मी जीव मुठीत धरून चालवत होतो. माझा एक डोळा रस्त्यावर आणि एक आप्पांच्या उजव्या हातावर. दुखायला लागलं, की ते त्या हातानं गुडघा धरायचे. हात मांडीवर सैल पडलेला होता. ते दादाला कालवा दाखवत होते. हा भराव आमच्या वेळचा, इथं एकदा पाणी फुटलं हुतं, त्या झाडाखाली मी सायकलचं पंक्चर काढलं हुतं. मागून दादाचे हुंकार यायचे, पण ते दर खड्ड्याला तुटायचे. "हो... का... आप्पा..." असं काहीतरी. कडीला धरलेले त्याचे दोन्ही हात मला आरशात दिसत होते.

"तुला तरास व्हतोय का?" आप्पांनी मान न वळवता विचारलं.

"नाही, नाही," दादा म्हणाला. तेवढ्यात ती मोरी आली.

मोरीचं मला वर्णन करवत नाही. पुढं आम्ही दोघं होतो तिथं एक मऊ लाट आली आणि गेली. मागं रबराचे सगळे बफर, वाढवलेली सगळी हवा आणि सगळ्या उन्हाळ्यातलं आमचं ज्ञान एकदम दादाच्या कमरेत गेलं. बोलण्याइतकी हवा त्याच्यात उरली नव्हती.

बागेच्या पाण्याच्या चारीपाशी मी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. आप्पांनी दार उघडलं, एक पाय खाली ठेवला, एक हात छताच्या कडेला धरला, आणि तसेच थांबले.

मी मान वळवून बघत होतो. मागं दादाही पुढं झुकून बघत होता. आप्पांनी दुसरा पाय खाली ठेवला. डोळे मिटले. अवघडलं असणारच, सकाळची खुर्ची होती ती. मग ते उठले, एकदम नव्हे, हळूहळू, एकेक मणका वर रचल्यासारखे, आणि सरळ झाले. छतावरचा हात काढून घेतला. टोपी घातली आणि विहिरीकडे चालायला लागले.

मी मागं बघितलं. दादाचं दार उघडं होतं, पण दादा बाहेर येत नव्हता.

"उतर ना," मी म्हणालो.

"जरा थांब."

थांबलो. मग त्याचा एक पाय बाहेर आला, मग दुसरा, मग दादा. पण तो अर्धाच उभा राहिला. कमरेपासून वर त्याचं सगळं जमिनीला समांतर होतं, एक हात पाठीवर, आणि चेहरा त्याला उचलता येत नव्हता. आप्पा विहिरीपासून वळून बघत उभे होते. ते सावकाश परत आले. दादासमोर थांबले. त्याचा चेहरा दिसावा म्हणून स्वतः जरासे खाली झुकणार होते, पण करार आठवला असावा, तसेच ताठ राहिले.

"काय रं, वाकलास?"

"आप्पा, जरा पाणी..."

"त्ये देतो. पन ठरल्याप्रमानं कुनाचंतरी येनं बंद व्हायला पायजे."

दादा वाकूनच हसायला लागला. हसताना कळ यायची, कळ आली की तो कण्हायचा, आणि कण्हून पुन्हा हसायचा. आप्पांनी त्याला दंडाला धरून झाडाखाली नेलं, गोणपाट अंथरून उताणं झोपवलं आणि त्याच्या कमरेखाली आपल्या टॉवेलची घडी सरकवली, स्वतःच्या कमरेखाली ठेवायचे तशीच. तिथं पडल्या पडल्या दादानं बराच वेळ वर लगडलेली लिंबं बघितली. वाट्याचा विषय त्यानं काढला नाही.

संध्याकाळी परत निघताना तो गाडीत बसला नाही. कर्जतला एसटीत खिडकीशेजारी जागा मिळाली, तेव्हा त्याला हायसं वाटलं. पुढं आप्पा बरीच वर्षं बुधवारी बागेत गेले. दादाचा फोन यायचा, पण आप्पांच्या कमरेची चौकशी त्यानं पुन्हा कधी केली नाही. फोन उचलल्याबरोबर आप्पाच विचारायचे, "कशी हाय रं तुझी कंबर?"